तुरीचे सहा वाण, तीन पेरण्या, दोन जमिनी: प्रकल्प नोंदी

२८ मे

तुरीच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘कालावधी १५० ते १५५ दिवस’ असे छापलेले असते. हे दिवस कोणत्या गावचे आणि कोणत्या तारखेच्या पेरणीचे, ते मात्र छापलेले नसते. तूर ही लहान दिवसाची वनस्पती आहे. दिवस आखूड होत गेला की ती फुलावर येते, म्हणून एकाच वाणाचे दिवस पेरणीच्या तारखेप्रमाणे बदलतात. हा बदल वाणागणिक किती, आणि तो जमिनीतल्या ओलीशी कुठे जुळतो किंवा तुटतो, हे या हंगामात बघायचे आहे.

जागा जालना जिल्ह्यात, अक्षांश २० च्या किंचित खाली. एक शेत दुधना नदीच्या बाजूचे, १२० सेंमी खोल काळ्या मातीचे. दुसरे काही किलोमीटरवरच्या माळावरचे, ३५ ते ४० सेंमी माती आणि खाली मुरूम. दोन्हीकडे दिवसमान तेच आणि तापमानही जवळपास तेच, त्यामुळे शेतांमध्ये फरक राहतो तो पाण्याचा. पेरणीच्या तारखेने दिवसमान बदलते. दोन्ही गोष्टी अशा वेगळ्या काढता येतात, म्हणून लांबचा जिल्हा न घेता जवळजवळची दोन शेते घेतली.

वाण कालावधीच्या क्रमाने असे (कंसात प्रचलित नाव आणि प्रसारणाचे वर्ष): आयसीपीएल ८७ (प्रगती, १९८६), एकेटी ८८११, बीडीएन ७११ (२०१२), बीडीएन ७१६, बीएसएमआर ७३६ (१९९६), आयसीपीएल ८७११९ (आशा, १९९३). पहिला साधारण १२०-१२५ दिवसांचा आणि शेंड्याला घोस येऊन वाढ थांबवणारा. शेवटचे दोन १७५ दिवसांच्या पुढचे.

प्रत्येक वाण दोन अंतरांवर: ९० × २० आणि ४५ × २० सेंमी. पहिल्यात हेक्टरी ५५,५५५ झाडे, दुसऱ्यात १,११,१११. प्लॉट ५.४ × ६ मीटर. हे माप मुद्दाम धरले. ९० सेंमीवर सहा ओळी बसतात, ४५ वर बारा. कडेची एक (४५ मध्ये दोन) ओळ दोन्ही बाजूंनी आणि टोकाचे एकेक ठोंब सोडले की निव्वळ क्षेत्र दोन्हीकडे ३.६ × ५.६, म्हणजे २०.१६ चौ. मी. राहते. त्यामुळे प्लॉटच्या किलोला ४९६ ने गुणले की हेक्टरी किलो, आणि अंतर बदलले तरी गुणक तोच.

सहा वाण, दोन अंतरे, तीन तारखा, तीन रेप्लिकेशन (तीच मांडणी तीनदा): एका शेतात १०८ प्लॉट. तारीख मुख्य (मोठ्या) प्लॉटात, वाण आणि अंतर त्याच्या आतल्या उपप्लॉटात. तारीख उपप्लॉटात टाकली तर ऑगस्टची कोवळी रोपे जूनच्या झाडांच्या सावलीत सापडतात आणि सगळी चाचणी सावलीचीच होते. रस्ते धरून दर शेतात सुमारे दीड एकर लागतो.

बियाणे दर वाणाचे अडीच किलो. हिशेब असा: ९० सेंमीच्या प्लॉटात १८० ठोंब, प्रत्येकी दोन दाणे, म्हणजे ३६०. ४५ च्या प्लॉटात ७२०. दोन्ही शेतांत मिळून प्रत्येकी १८ प्लॉट, एकूण १९,४४० दाणे. शंभर दाण्यांचे वजन साडेदहा ग्रॅम धरले तर दोन किलोवर जाते. उरलेले अर्धा किलो नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला.

बियाणे पैदासकार किंवा पायाभूत, म्हणजे भेसळ नसलेल्या शुद्ध दर्जाचेच घ्यायचे. शेतकऱ्याकडचे दोन-तीन वर्षे ठेवलेले बियाणे या कामाला चालत नाही. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन होते, वीस टक्के तर सहज. शेजारी उशिराचा वाण असेल तर बियाण्यात मधल्या कालावधीची झाडे निघतात. मग ‘निम्मी झाडे फुलावर’ या नोंदीला अर्थ राहत नाही.

८ जून

मातीचे नमुने ०-१५, १५-३०, ३०-६०, ६०-९० सेंमी अशा थरांतून. माळावर तिसऱ्या थरात मुरूमच लागला, तिथे दोनच थर.

ओल मोजायची पद्धत साधी ठेवली. ओली माती वजन करायची, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास ठेवायची, पुन्हा वजन करायचे. नुसत्या टक्क्यांवरून दोन जमिनी ताडता येत नाहीत, त्यांचे मिलिमीटर करावे लागतात: टक्के भागिले १००, गुणिले मातीची घनता, गुणिले थराची जाडी मिमीमध्ये. ३० सेंमीच्या थरात २५ टक्के ओल आणि घनता १.३ असेल तर ९७.५ मिमी पाणी. यातले सगळे झाडाला मिळत नाही. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला उचलता येईल असे पाणी १५० ते २०० मिमी धरतात. माळावर त्याच्या पाव-तिहाईवर समाधान मानायचे. घनतेचा नमुना काळी माती ओलसर असताना घ्यायचा. वाळून भेगा पडल्यावर घेतला तर आकडा चढा येतो.

२० जून

पहिली पेरणी. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खालच्या मातीला मिळाल्याशिवाय टोकण करायची नाही. धुळीत पेरून वर पाऊस पडला तर एकाच प्लॉटात उगवण दहा दिवसांत विखुरते, आणि ‘पेरणीपासून दिवस’ मोजायला सुरुवातच राहत नाही. म्हणून सगळे दिवस उगवणीच्या तारखेपासूनही मोजायचे ठरले.

बीजप्रक्रियेचा क्रम: आधी ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम, मग रायझोबियम (मुळावर गाठी करणारा जिवाणू) दहा किलोला २५० ग्रॅम, सावलीत सुकवून लगेच टोकण. रासायनिक बुरशीनाशक वापरायचे असेल तर ते सगळ्यांत आधी आणि जिवाणू शेवटी. जिवाणूचे पाकीट तुरीचेच हवे. हरभऱ्याच्या गाठींचा जिवाणू वेगळा, तो तुरीच्या मुळावर गाठी करत नाही. दुकानात ‘कडधान्याचे कल्चर’ म्हणून एकच पाकीट पुढे करतात, त्यावरचे पीक वाचून घ्यावे.

खत हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद. ३२.४ चौ. मीटरच्या प्लॉटाला ३५२ ग्रॅम डीएपी आणि ३८ ग्रॅम युरिया. दोन्ही अंतरांना प्लॉटामागे खत तेच, म्हणजे ४५ सेंमीत दर ओळीला निम्मे. ओळीप्रमाणे मोजून टाकणाऱ्या माणसाकडून इथे दुप्पट खत जाते आणि नंतर दाट पेरणीचा फायदा दिसतो तो खरे तर खताचा असतो. प्लॉटागणिक पुड्या आधीच बांधल्या.

भारी (खोल काळ्या मातीच्या) शेतात सरी-वरंबा, टोकण वरंब्यावर. माळावर सपाट.

दर रेप्लिकेशनच्या कडेला आयसीपी ८८६३ (मारुती) ची एकेक ओळ लावली. हा वाण मर रोगाला चिवट, पण वांझ रोगाला (ज्यात झाडाला फूलच येत नाही) लगेच बळी पडतो. परिसरात वांझ रोग आला का, हे ही ओळ सांगेल. रोगट पाने रोपांना स्टेपल करून मुद्दाम लागण करण्याची पद्धत संशोधन केंद्रांच्या रोगवाफ्यात वापरतात. इथे चहूबाजूंनी लोकांची तूर आहे, म्हणून ते करायचे नाही.

२ जुलै

उगवण सातव्या-आठव्या दिवशी. ठोंबाला एक रोप ठेवून विरळणी, नांग्या त्याच दिवशी भरल्या. आठवड्यानंतर भरलेली नांगी तुरीत कामाची नसते. शेजारची झाडे तिला दाबून टाकतात, आणि ते झाड जिवंत असले तरी मोजणीत घेता येत नाही.

१० जुलै

दुसरी पेरणी, सगळे तसेच. पावसाने उघडीप दिली नाही तर भारी शेतात वापसा (पेरणीजोगी ओल) मिळायला दोन-तीन दिवस मागे-पुढे होतात. दोन शेतांतल्या तारखांत तीन दिवसांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, हा नियम.

२६ जुलै

पहिल्या पेरणीच्या कडेच्या ओळींतून रोपे उपटून गाठी पाहिल्या. नखाने कापल्यावर आत गुलाबी-लाल असेल तर गाठ काम करते आहे, पांढरट किंवा हिरवी असेल तर नाही. माळावर गाठी कमी पण गुलाबी. भारी शेतात जिथे सरीत पाणी थांबले तिथे गाठी काळवंडल्या, खालची पाने पिवळी. तुरीला पहिल्या दीड-दोन महिन्यांत पाणी साचलेले सर्वांत वाईट. मुळांना हवा मिळत नाही, गाठी मरतात, आणि पाठोपाठ फायटोफ्थोराचा (पाणथळ जागी वाढणाऱ्या रोगजंतूचा) करपा येतो.

वाणांमधला पहिला फरक इथे दिसतो. आयसीपीएल ८७ ला ही मार भरून काढायला वेळच नसतो, महिना-दीड महिन्यात फुलावर यायचे असते. बीएसएमआर ७३६ आणि आशा सप्टेंबरभर वाढत राहतात आणि फांद्या काढून घेतात. भारी, पाणी धरणाऱ्या जमिनीत लांब कालावधीचे वाण टिकतात त्याचे कारण फक्त नंतरची ओल नाही, आधीची दलदल पचवण्याइतका वेळ हेही आहे. चर खोल केले, २ टक्के डीएपीची फवारणी पिवळ्या प्लॉटांसकट सगळ्यांवर केली. फक्त पिवळ्यांवर केली तर तुलना मोडते.

५ ऑगस्ट

तिसरी पेरणी. मराठवाड्यात खरिपाची तूर एवढ्या उशिरा कोणी मुद्दाम पेरत नाही. मूग-उडीद मोडल्यावर किंवा पाऊस लांबल्यावर पेरतात. म्हणूनच ही तारीख घेतली.

इथले दिवसमान: २१ जूनला सूर्योदय ते सूर्यास्त सुमारे १३ तास २० मिनिटे. आज १३ तासांच्या जवळ. १ सप्टेंबरला साडेबारा, १५ ऑक्टोबरला पावणेबाराच्या आत. म्हणजे जूनच्या पेरणीला पहिले दीड महिने जवळपास लांबात लांब दिवस मिळाले, आज टोकलेल्या बियाला उगवल्यापासून उतरता दिवस. त्याला पानांचा पसारा वाढवायला सवड नाही.

तापमानाची नोंद हवेशीर पेटीत १.२ मीटरवर, दर तासाला. उष्मादिवस (रोजच्या सरासरी तापमानातून पायाचे तापमान वजा करून केलेली बेरीज) काढताना पायाचे तापमान १० अंश धरले. पण तुरीत नुसत्या उष्मादिवसांवर भिस्त ठेवली की उत्तर चुकते. ज्वारी-मक्यात वाणाचा आकडा बऱ्यापैकी स्थिर येतो. तुरीच्या मध्यम आणि उशिरा वाणांत तो पेरणीच्या तारखेबरोबर घसरतो, कारण फुलोरा तापमान आणि दिवसमान दोघांनी मिळून ठरतो. म्हणून फुलोऱ्याला लागलेल्या दिवसांचा व्यस्तांक (१ भागिले दिवस) काढून तो सरासरी तापमान आणि दिवसमान यांच्याशी सरळ रेषेत बसतो का, ते पाहायचे. रेषेचा दिवसमानाकडचा उतार ज्या वाणात जास्त, तो तारखेला जास्त बांधलेला.

२३ ऑगस्ट

भारी शेतात पहिल्या पेरणीच्या काही प्लॉटांत फायटोफ्थोरा: खोडावर तपकिरी, दबलेला चट्टा, त्याच्या वर झाड वाळते. मर रोगाशी याची गल्लत होते. मर रोगात बुंध्यापासून वर जांभळट पट्टा चढतो, खोड चिरले की आत काळ्या-तपकिरी रेघा दिसतात, आणि तो बहुतेक फुलोरा-शेंगांच्या काळात उघड होतो. ऑगस्टमध्ये, पाणी साचलेल्या जागी, झाड चट्ट्यावर मोडत असेल तर तो मर नव्हे. दोन्हींच्या मोजण्या वेगळ्या रकान्यात. वाणाच्या पिशवीवर ‘मर प्रतिबंधक’ असते, आणि शेतकरी फायटोफ्थोराने गेलेली झाडे दाखवून वाणाला बोल लावतो.

६ सप्टेंबर

पहिल्या पेरणीतला आयसीपीएल ८७ फुलावर. नोंदीचा नियम: निव्वळ क्षेत्रातल्या निम्म्या झाडांवर किमान एक पूर्ण उघडलेले फूल, ती तारीख. कळी धरायची नाही. दिवसाआड, सकाळी, शक्यतो एकाच माणसाने बघायचे.

हा वाण लवकर फुलतो हे त्याचे कौतुक, पण मराठवाड्यात जूनच्या पेरणीला तेच त्याच्या मुळावर येते. फुले आणि कोवळ्या शेंगा सप्टेंबरच्या पावसात, पक्वता परतीच्या पावसाच्या तोंडावर. फूल पावसात गळते, भरलेली शेंग ओली राहिली की दाण्यावर बुरशी येते किंवा दाणा शेंगेतच मोड काढतो. शिवाय आसपास दुसरी कोणतीच तूर फुलावर नसल्याने शेंगा पोखरणारी अळी आणि पोपट दोघांची पहिली पंगत याच्यावरच.

सर्व वाणांच्या पाच-पाच झाडांवर फुले उघडण्याआधी मलमलच्या पिशव्या बांधल्या. पुढच्या वर्षीचे बी यातूनच. तुरीत पिशवीत स्वपरागीभवन होऊन शेंगा नीट धरतात, फक्त पिशवी घालण्याआधी आत एकही अळी राहिली नाही ना, ते बघावे. राहिली तर पिशवी तिचेच घर होते.

१५ सप्टेंबर

भारी शेताच्या कडेला, पाण्याची सोय आहे तिथे, तीन वाणांची निरीक्षण-पट्टी: आयसीपीएल ८७, बीडीएन ७११, आशा. अंतर ३० × १०. रेप्लिकेशन नाही, त्यामुळे हिचे उत्पादन तुलनेत घ्यायचे नाही, फक्त वाढ आणि फुलोरा बघायचा. बिहारमध्ये पूर ओसरल्यावर सप्टेंबरात तूर पेरतात. बहार, पुसा ९, शरद हे तिकडचे वाण. मूळचे लांब कालावधीचे, पण सप्टेंबरच्या पेरणीत बुटके राहतात, म्हणून ओळी जवळ घेतात. आपल्याकडे अडचण निराळी: तिथल्या गाळाच्या जमिनीसारखी ओल नाही, दोन-तीन पाणी दिल्याशिवाय हे पीक उभे राहत नाही.

५ ऑक्टोबर

पहिल्या पेरणीचे एकेटी ८८११ आणि बीडीएन ७११ भर फुलोऱ्यात. तिसऱ्या पेरणीचा आयसीपीएल ८७ कळीवर.

कीडनियंत्रण तारखेने नाही, वाणाच्या अवस्थेने: प्रत्येक वाणाच्या ५० टक्के फुलोऱ्याला ५ टक्के निंबोळी अर्क. त्यानंतर गरज पडली तर एमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, दहा लिटरला ४.४ ग्रॅम. सगळ्यांना एकाच दिवशी फवारले तर ज्या वाणाची अवस्था त्या तारखेशी जुळते तो उगाच सरस दिसतो. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) हेक्टरी पाच. सलग दोन-तीन रात्री सापळ्यात आठ-दहा पतंग आले की फवारणीची तयारी. लवकरच्या वाणांवर भर अळीचा, उशिराच्यांवर शेंगमाशीचा. शेंगमाशीची अळी आतच दाणा खाते, बाहेरून शेंग चांगली दिसते. तिचे नुकसान काढणीवेळी शेंगा सोलूनच मोजावे लागते.

२१ ऑक्टोबर

पहिल्या पेरणीचा आयसीपीएल ८७ काढला. दाणा काळपट, बराच सुरकुतलेला. दाणे वाळवून १० टक्के ओलाव्यावर आणल्याशिवाय कोणत्याही प्लॉटाचे वजन लिहायचे नाही. ऑक्टोबरची आणि डिसेंबरची काढणी एका मापाने ताडायची तर याला पर्याय नाही.

फुलोऱ्याच्या तारखांत अपेक्षित चित्र उमटते आहे. १० जुलैची पेरणी २० जूनच्या वीस दिवस मागे, पण बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६ यांचा फुलोरा दहा-बारा दिवसच मागे. आयसीपीएल ८७ मात्र जवळजवळ तेवढाच मागे सरकला. म्हणजे लवकरचा वाण बराचसा दिवस मोजून फुलतो, मध्यम आणि उशिराचे बरेचसे कॅलेंडर बघून.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. मध्यम वाण वीस दिवस उशिरा पेरला तरी पक्वता फारशी लांबत नाही. जे कमी होते ते फुलाआधीचे दिवस, म्हणजे झाडाचा पसारा. पसारा कमी झाला की ९० सेंमीच्या ओळींमध्ये जमीन उघडी राहते. तिसऱ्या पेरणीचे झाड आज कमरेइतके, पहिल्या पेरणीतली आशा डोक्यावर. दोघांना एकच अंतर ठेवण्यात शहाणपण नाही.

८ नोव्हेंबर

पाऊस थांबून तीन आठवडे होत आले. माळावर वरच्या दोन्ही थरांत झाडाला उचलता येईल असे पाणी जवळपास संपले. भारी शेतात वरचा थर कोरडा, भेगा पडल्या, पण ६० ते ९० सेंमीत ओल टिकून आहे आणि तिचा उपसा चालू आहे.

आता वाण आणि जमीन यांचे गणित उघडे पडते. दाणा भरायला फुलोऱ्यानंतर चाळीस ते पन्नास दिवस लागतात. माळावर बीडीएन ७११ च्या शेंगा भरत आल्या तेव्हा पाणी संपले, आशाची फुले निघाली तेव्हाही पाणी संपलेलेच. आशा दुष्काळात तग धरते हे खरे. मुळे खोल जातात, पाने गळून झाड जिवंत राहते. पण मुळे जायला खाली माती हवी, मुरमात काय उचलणार? माळावर कामाला येते ती पाणी संपण्याआधी मोकळे होण्याची सवय. चिवटपणाचा उपयोग तिथे थोडा.

मारुतीच्या दोन ओळींत वांझ रोग: पाने लहान, फिकट हिरवी-पिवळी नक्षी, झाड झुडपासारखे, फूल नाही. शेजारचे बीएसएमआर ७३६ आणि आशा स्वच्छ. हा रोग विषाणूचा, कोळी या सूक्ष्म किडीमार्फत (माइट) पसरतो. त्याच्या विषाणूचे प्रकार जागेप्रमाणे वेगळे आहेत. बंगळुरूकडचा प्रकार हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या प्रकारापेक्षा तिखट, आणि पाटणचेरूला प्रतिबंधक ठरलेले वाण तिकडे बळी पडल्याची नोंद आहे. वाणाची जुळणी फक्त पाणी-हवेशी नसते, त्या गावच्या रोगाच्या प्रकाराशीही असते. म्हणून प्रतिबंधकतेचा शिक्का दुसऱ्या राज्यात तसाच चालेल असे धरू नये.

२७ नोव्हेंबर

तिसऱ्या पेरणीचा आयसीपीएल ८७ काढला. दाणा टपोरा, पांढरट डाग नाहीत, पावसाचा एक थेंबही शेंगांवर पडला नाही. ४५ सेंमीच्या ओळीत ९० पेक्षा ठळक सरस, दोन्ही शेतांत. जूनमध्ये नापास झालेला वाण ऑगस्टमध्ये पास, बियाणे तेच.

या आठवड्यात सकाळी धुई. भारी शेतातल्या तिसऱ्या पेरणीच्या बीएसएमआर ७३६ आणि आशावर फुलगळ मोठी. रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली गेले की फुलांत परागाचे काम नीट होत नाही, शेंग धरत नाही. ढगाळ हवा आणि धुई यांनी भर पडते. ही झाडे थंडी सरल्यावर पुन्हा फुलतील, पण त्या शेंगांना जानेवारीत ओल कुठून मिळणार? पाणी देता येत असेल तरच तो दुसरा बहर मोजायचा.

थंडी आणि तूर म्हटले की केनियातले काम आठवते. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचा, म्हणून तिथे दिवसमान बाजूला ठेवून केवळ तापमानाचा परिणाम पाहता येतो. समुद्रकाठच्या म्त्वापापासून किबोको, कटुमानी, काबेटे असे उंच चढत जाणाऱ्या ठिकाणी तेच वाण लावले गेले. लवकरचे वाण २३-२४ अंशांच्या आसपास सर्वांत झटपट फुलले, लांब कालावधीचे १८ च्या सुमारास. डोंगरातले वाण खाली उष्ण जागी आणले की फुलायला उशीर करतात. ‘ऊब मिळाली की पीक लवकर येते’ हा आपला अंदाज त्यांच्या बाबतीत उलटा पडतो. आपल्याकडे जूनच्या पेरणीतली आशा ऑक्टोबरअखेरीपर्यंत थांबते ती आधी लांब दिवसांमुळे आणि काही अंशी उबेमुळेही. दोन्हींतले कशाचे किती, हे एका अक्षांशावरच्या चाचणीतून पूर्ण वेगळे करता येणार नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण उत्तराखंड. तिथे लांब कालावधीची तूर हिवाळ्याच्या थंडीत सापडते. दिवसमानाला फारसा न जुमानणारा आयसीपीएल ८८०३९ तिथल्या डोंगरात व्हीएल अरहर १ या नावाने दिला गेला. तो थंडीआधी मोकळा होतो.

१९ डिसेंबर

बीएसएमआर ७३६ ची काढणी पहिल्या दोन पेरण्यांत पूर्ण, आशाची चालू. ८० टक्के शेंगा वाळल्या की कापायचे. सगळ्या वाळायची वाट पाहिली तर पहिल्या शेंगा तडकतात. झाडे प्लॉटाच्या नावाच्या चिठ्ठीसह उभी वाळवून बडवली. तुराट्यांचे वजनही घेतले. दाणा भागिले एकूण वजन हे गुणोत्तर उशिराच्या पेरणीत चढते: झाड लहान, पण जे बनवते त्यातला मोठा वाटा दाण्यात. दाट ओळीने नफा होतो तो याच कारणाने.

जूनच्या पेरणीत मात्र ४५ सेंमीने काही दिले नाही. फांद्या एकमेकींत घुसल्या, खालची पाने सावलीने गळली, फवारणी आत पोहोचली नाही, भारी शेतात झाडे लोळली. बियाणे दुप्पट, उत्पादन तेवढेच किंवा कमी.

१२ जानेवारी

आकडेमोड. सहा परिस्थिती: तीन तारखा गुणिले दोन शेते. एकत्र विश्लेषण करण्याआधी बार्टलेटची चाचणी, सहाही ठिकाणचे चुकीचे विचरण (आकड्यांतला योगायोगाचा विखुरपणा) सारख्या मापाचे आहे का ते बघायला. माळावरच्या तिसऱ्या पेरणीचे आकडे इतके लहान की त्यांचे विचरणही लहान. ती परिस्थिती वेगळी ठेवून एकदा, धरून एकदा, असे दोन्ही केले.

वाण आणि परिस्थितीच्या परस्परक्रियेत दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात. एक, फरक कमी-जास्त होतो पण क्रम तोच राहतो. अशा वेळी वाणाच्या शिफारशीत बदल लागत नाही. दोन, क्रमच उलटतो. इथे क्रम उलटला. भारी शेतात जूनच्या पेरणीला बीएसएमआर ७३६ आणि आशा वर, बीडीएन ७१६ त्यांच्या पाठीला. माळावर त्याच पेरणीला बीडीएन ७११ वर, एकेटी ८८११ जवळ, आशा तळाला. ऑगस्टला माळावर आयसीपीएल ८७ पहिला. एका हंगामाच्या बळावर यापुढे क्विंटलचे आकडे घेऊन भांडायला नको. क्रमाचे कारण ओलीच्या मोजणीतून दिसते, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

फिनले आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जवाच्या वाणांवर वापरलेली पद्धत, म्हणजे प्रत्येक वाणाचे उत्पादन परिस्थितीच्या सरासरीविरुद्ध मांडून उतार काढायचा, तीही करून पाहिली. सहा बिंदूंवर उतार निघतो, पण एक बिंदू काढला की उताराचा क्रम बदलतो. शिवाय ती सरासरी ‘चांगली परिस्थिती’ आणि ‘वाईट परिस्थिती’ एवढेच सांगते. उशिराची पेरणी वाईट आणि मुरूम वाईट, या दोन वाईटांना वेगवेगळे वाण लागतात हे त्यात बुडून जाते. अहवालात हा आलेख घ्यायचा नाही.

३ फेब्रुवारी

सप्टेंबरच्या पट्टीतला बीडीएन ७११ गुडघ्याच्या थोडा वर, शेंगा पिकत आहेत. दोन पाणी दिले. आयसीपीएल ८७ इतका बुटका की खालच्या शेंगा मातीला टेकल्या. एवढ्या उशिरा त्याला ३० × १० सुद्धा विरळच होते.

पिशव्यांतले बी वाळवले, ओलावा ९ टक्क्यांच्या आत, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर वाण, पेरणीची तारीख, शेत. भुंग्याची अंडी शेतातूनच येतात, म्हणून डबा लावण्याआधी बी चांगले ऊन दाखवून भरले.

पुढच्या हंगामासाठी ठरलेले: जूनच्या पेरणीतून आयसीपीएल ८७ काढून टाकायचा, तो फक्त जुलैअखेर आणि ऑगस्टला. माळावरून आशा वगळून त्या जागी बीडीएन ७११ च्या कालावधीचा आणखी एक वाण. जूनला अंतर ९० आणि १२० सेंमी, ऑगस्टला ३० आणि ४५. त्यासाठी प्लॉटची रुंदी ५.४ वरून ७.२ मीटर करावी लागेल, कारण १२० ने ५.४ ला भाग जात नाही आणि ७.२ ला चारही अंतरांनी जातो. सोयाबीनमध्ये दोन ओळी तूर घेणाऱ्यांसाठी एक वेगळा संच: तिथे पहिले दोन महिने तूर सोयाबीनखाली दबते आणि सोयाबीन निघाल्यावर पसरते, त्यामुळे सलग पिकातला वाणांचा क्रम तिथे लागू करता येत नाही. भारी शेताचे चर मे महिन्यातच, उताराच्या दिशेने, बाहेरच्या नाल्याला जोडून घ्यायचे.